आजी जेनेसिस ८ वरच राहणार

गेले तीन आठवडे एकाच प्रश्नावर अडकले होते, आज शेवटी काय ते ठरवलं म्हणून लिहून टाकतेय, कारण डॅझ स्टुडिओवर (थ्रीडी पात्रं आणि चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर) बरीच वर्षं काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा प्रश्न कधीतरी पडतोच. जुनी कॅरेक्टर्स नव्या जेनेसिसवर, म्हणजे डॅझच्या तयार मानवी फिगरच्या नव्या पिढीवर, न्यायची की आहेत तिथेच ठेवायची?

माझं काम म्हणजे चित्रकथा. पाच पात्रं आहेत, सगळी जेनेसिस ८ वरची, आणि सगळ्या गोष्टीचा जीव म्हणजे त्यातली आजी. तिचा चेहरा मी दोन-अडीच महिने घडवत होते, डाव्या डोळ्याची पापणी जराशी उतरलेली, हसताना ओठाचा डावा कोपरा आधी वर जातो आणि मग उजवा, आणि डोळ्याखालची ती पिशवीसारखी सुरकुती. हे काही विकतच्या डायलने (आकार कमीजास्त करणारे तयार स्लायडर) झालेलं नाही, बेस मेश, म्हणजे फिगरचा जाळीसारखा मूळ सांगाडा, बाहेर काढून ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये हाताने शिल्प केलं आणि मॉर्फ, म्हणजे मेशचा बदललेला आकार, म्हणून परत आत आणलं.

आता हे जनरेशनचं प्रकरण ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. पहिलं जेनेसिस २०११ ला आलं, त्यात बाई आणि पुरुष दोघांसाठी एकच मेश होती. २०१३ च्या जेनेसिस २ मध्ये दोन वेगळ्या केल्या. २०१५ ला जेनेसिस ३ आलं आणि त्यात चेहऱ्यालाही बोन्स (मेश हलवणारी आतली हाडं) मिळाले, हा माझ्या मते सगळ्यात मोठा बदल होता. मग २०१७ ला एकदम जेनेसिस ८, मधले आकडे गाळले कारण व्हिक्टोरिया ८ आणि मायकेल ८ या फिगर्सशी आकडा जुळवला, त्यामुळे नवीन माणूस उगाच ४ ते ७ शोधत बसतो. त्यावर ८.१ आलं ते आहे त्याच मेशवरची सुधारणा, एक्स्प्रेशन्स जास्त बारीक आणि पीबीआर स्किन शेडर (शेडर म्हणजे कातडी उजेडात कशी दिसेल ते ठरवणारी सेटिंग). आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये जेनेसिस ९, परत दोघांसाठी एकच मेश.

३ वरून ८ वर जाणं त्यामानाने सोपं होतं. हात आडवे पसरलेल्या टी पोझऐवजी हात तिरके खाली असलेली ए पोझ आली त्यामुळे जुन्या पोझ लावल्या की हात चुकायचे, पण ८ च्या बाईच्या फिगरमध्ये ३ चा यूव्ही सेट (स्किनचं चित्र मेशवर कसं गुंडाळायचं त्याचा नकाशा) दिलेला होता, त्यामुळे जुनी स्किन सरळ चढायची. ९ चं तसं नाही. यूव्ही वेगळे, बोन्सची नावं वेगळी, ८ मध्ये दंडाचे बेंड आणि ट्विस्ट असे दोन तुकडे एकापुढे एक होते तर ९ मध्ये ट्विस्टचे बोन्स दंडाच्या बोनखाली वेगळे लावलेत, डोळे आणि तोंडाचा आतला भाग पण वेगळ्या फिगर म्हणून जोडलेले. म्हणजे अपग्रेड हा शब्दच इथे फसवा आहे. फाईल उघडून नव्या व्हर्जनमध्ये सेव्ह केली असं काही होत नाही, तुम्ही त्या माणसाला पहिल्यापासून परत घडवता.

तरीपण मला जायचं होतं, खरंच. जेनेसिस ८ ची बेस मेश सुमारे १६ हजार पॉलिगॉनची (मेशचे छोटे चौकोन) आणि ९ ची सुमारे २५ हजारांची, आणि हा फरक कागदावरचा नाही. आजी चुलीपुढे उकिडवी बसलीय असा एक सीन आहे, तो मी ८ वर चार वेळा केला आणि प्रत्येक वेळी मांडी पोटरीत घुसायची, गुडघ्याच्या मागे मेश दुमडून कागदासारखी चुरगळायची, शेवटी साडीने झाकून निभावलं. तीच पोझ ९ वर करून बघितली तर गुडघा गुडघ्यासारखा दिसला! खांदा पण तसाच, हात डोक्यावर नेला की ८ मध्ये काखेत जो खड्डा पडतो तो ९ मध्ये मला पडलेला दिसला नाही. आणि एकच मेश असल्यामुळे कपडे बाईचे की पुरुषाचे हा प्रश्नच संपतो, शाल एकदा घेतली की आजीला पण आणि आजोबांना पण.

म्हणून एका शनिवारी बसले आणि आजीला ९ वर न्यायला सुरुवात केली. आकार जुळवला, स्किन कन्व्हर्ट केली, आणि स्थिर चेहरा शेजारी शेजारी ठेवला तर फरक ओळखू येणार नाही इतका सारखा. मला इतका आनंद झाला की मी लगेच तिला हसवलं.

आणि ती आजी नव्हती.

म्हणजे छान हसली, उलट जास्तच छान हसली, गाल एकदम मऊसूत वर गेला, कुठे काही अडखळलं नाही. पण माझ्या आजीचं हसू अडखळतं. ८ वर तिचा गाल वर सरकताना डोळ्याखालची पिशवी दाबली जायची आणि तिच्या खाली टेक्श्चरमध्ये (मेशवर चढवलेलं कातडीचं चित्र) मी रंगवलेली सुरकुती बरोब्बर त्या घडीत पडायची, त्यामुळे डोळा अर्धा मिटल्यासारखा व्हायचा. नव्या मेशवर पॉलिगॉन जास्त, ती घडी दुसरीकडे पडते, आणि रंगवलेली सुरकुती घडीच्या जरा वर नुसती रेघ म्हणून राहते. मी दोन रात्री ती रेघ खाली सरकवत होते. मग डाव्या उजव्या ओठाचे डायल वेगवेगळे चालवून बघितले, ९ मध्ये ती सोय चांगली आहे, कोपरा आधी वर जाणंही जमलं. पण डोळा जमला नाही. जमेल कधीतरी, महिनाभर बसले तर जमेलही, पण तो महिना मी गोष्ट सांगायची सोडून तीच आजी परत बनवण्यात घालवणार, आणि वाचणाऱ्याला जर काही जाणवलंच तर एवढंच की आजी जरा वेगळी दिसतेय. हे मला पटेना.

कपड्यांचं थोडक्यात सांगते. ऑटोफिट या डॅझमधल्या सोयीने ८ चे कपडे ९ वर चढतात, सैल कपडे बरे बसतात, घट्ट ब्लाऊज छातीवर ताणला जातो, बुटांचं तर नावच नको, त्यातही टाचेचे असतील तर तळवे वितळल्यासारखे होतात. केसांना फारसा त्रास नाही. पोझ कन्व्हर्ट करायला स्क्रिप्ट मिळतात पण बोटं आणि मनगटं हाताने नीट करावी लागतातच, आणि माझ्याकडे आजीच्या दोनशेच्या वर पोझ आहेत.

मशीनचा विचार मात्र आधीच नीट करा, कारण तो लोक शेवटी करतात आणि मग अडकतात. सबडिव्हिजनची (प्रत्येक पॉलिगॉनचे तुकडे करून मेश गुळगुळीत करणं) एक पायरी वाढवली की पॉलिगॉन चौपट होतात. म्हणजे २५ हजारांचे दोन पायऱ्यांवर ४ लाख आणि तीनवर १६ लाख, तेच १६ हजारांचे तीन पायऱ्यांवर सुमारे १० लाख. एका फिगरला काही वाटत नाही, पण माझ्या लग्नाच्या सीनमध्ये नऊ माणसं आहेत. आणि मेशपेक्षा टेक्श्चर जास्त खातात, ४०९६ बाय ४०९६ चा एक साधा रंगीत मॅप, म्हणजे टेक्श्चरचं एक चित्र, कॉम्प्रेशनआधी मेमरीत सुमारे ४८ एमबी घेतो, ८१९२ चा घेतला की चौपट, १९२. असे एका माणसाच्या अंगावर डझनभर तरी मॅप. ग्राफिक्स कार्डच्या मेमरीत सीन मावला नाही की आयरे, म्हणजे डॅझमधलं चित्र तयार करणारं इंजिन, प्रोसेसरवर उतरतं आणि वीस मिनिटांचा रेंडर (तयार चित्र काढणं) रात्रभराचा होतो. त्यामुळे नव्या जनरेशनवर जायचं की नाही हे ठरवायच्या आधी तुमचा सगळ्यात गर्दीचा सीन घ्या, त्यात तितक्याच नव्या फिगर टाका आणि रेंडर लावून बघा. एकटं पात्र उभं करून घेतलेला निर्णय कामाचा नाही.

तर मी ठरवलंय ते असं. ही चालू गोष्ट संपेपर्यंत पाचही पात्रं ८ वरच. मधेच कोणाला हलवायचं नाही, कारण एकाला हलवलं की बाकीचे चार त्याच्याशेजारी जुने दिसायला लागतात आणि मग एकेक करत सगळेच ओढले जातात. पण यापुढे येणारं प्रत्येक नवीन पात्र ९ वर. पुढच्या भागात आजीचा पणतू येतोय, तो ९ वर बनवायला घेतलाय आणि त्याच्यासोबत मला नवी रिग (बोन्सची जुळणी) शिकायला मिळतेय, कुठलाही जुना चेहरा मोडल्याशिवाय.

दोन जनरेशन एका फ्रेममध्ये ठेवायला सॉफ्टवेअरची काही हरकत नसते, अडतं ते कातडीवर. पणतूची स्किन पीबीआर शेडरवर आणि आजीची जुन्या आयरे उबर शेडरवर, एकाच खिडकीच्या उजेडात तो ओलसर दिसायचा आणि ती खडूसारखी. त्यासाठी आजीच्या स्किनवर पीबीआर शेडर लावला, मॅप परत एकेक जोडले, तेलकटपणा कपाळावर आणि नाकावर तेवढा ठेवला. हे मात्र तिला मानवलं, शेडर बदलल्याने चेहरा बदलत नाही, घडी तिथेच पडते.

आजीच्या फाईलच्या तीन कॉप्या वेगवेगळ्या डिस्कवर ठेवल्यात, तिचे मॉर्फ आणि टेक्श्चर सकट, कारण नुसती सीन फाईल ठेवली तर लायब्ररीत सेव्ह केलेले मॉर्फ सोबत येत नाहीत, ती फक्त त्यांचा पत्ता लक्षात ठेवते. तुमचं हाताने बनवलेलं काही असेल तर ही कॉपी आजच करा, बाकी निर्णय नंतर घेतला तरी चालेल.

आत्ता पहिला एकत्र रेंडर लागलाय, पणतूने तिचा कान धरलाय आणि ती हसतेय. डावा कोपरा आधी.