भिगवणच्या काठावर दोन स्कोप : ६५ की ८०?

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी पहाटे पावणेचारला हडपसर सोडलं. मागच्या सीटवर दोन स्पॉटिंग स्कोप, म्हणजे पक्षी बघायच्या एकनळी दुर्बिणी, सीटबेल्ट लावून. एक माझा १५-४५ बाय ६५, दुसरा दाजींचा नवाकोरा २०-६० बाय ८०. (पहिले आकडे किती पट मोठं दिसतं ते, शेवटचा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास.) कंपनी एकच, काच त्याच प्रतीची, दोन्हींची आयपीस (डोळा लावायचा भाग) तिरपी. फरक फक्त आकाराचा, वजनाचा आणि पैशांचा. दाजींचा जवळपास पावणेदोनपट महाग. “तुझा पंचेचाळीसलाच दमतो रे,” हे त्यांचं पालुपद दोन महिने ऐकत होतो. म्हटलं, एकदा उजनीवर जाऊन काय ते बघूच.

सोलापूर रस्त्याने भिगवण पुण्याहून शंभरेक किलोमीटर. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि भीमेच्या पाण्याचा फुगवटा इथवर पसरला. कुंभारगाव, डिकसळ ही काठावरची गावं. दिवाळीनंतर लगेच गेलात तर पाणी भरपूर आणि रोहित (फ्लेमिंगो) कमी. पाणी ओसरून चिखल उघडा पडू लागला की रोहितांचे थवे उतरतात, म्हणून जानेवारी ते मार्च बरा. होडी शनिवार-रविवारी आदल्या दिवशीच फोनवर ठरवा, दरही तेव्हाच विचारून घ्या.

आम्ही पोचलो तेव्हा अंधारच होता. थोडं उजाडताच दोन्ही स्कोप शेजारी शेजारी लावले आणि दोन्ही तीसपटीवर ठेवले. हे महत्त्वाचं. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट, एवढ्या मिलिमीटरची प्रकाशाची चकती डोळ्यात येते. आपापल्या कमाल पटीला दोन्ही जवळपास सारखेच अंधारतात : साठला ८० चा आकडा १.३, पंचेचाळीसला ६५ चा १.४. तुलना करायची तर पट सारखीच हवी. तीसला ८० मध्ये २.७ येतात, ६५ मध्ये २.२, आणि क्षेत्रफळाच्या हिशेबाने मोठा दीडपट प्रकाश घेतो. तो दिसलाही. माझ्या स्कोपात चित्रबलाक नुसते करडे ठोकळे होते तेव्हा दाजींना त्यांच्या चोचीचा पिवळेपणा कळत होता. दाजी खूश. वीसेक मिनिटांनी सूर्य वर आला आणि हा फरक शोधावा लागू लागला.

मग खरी परीक्षा घेतली ती टिलव्यांची, म्हणजे काठावरच्या चिखलात चरणाऱ्या चिमुकल्या पाखरांची. चिखलावर शे-दीडशे पावलांवर चिमणीएवढे दहा-बारा टिलवे पळत होते. छोट्या टिलव्याचे पाय काळे, टेमिंकच्या टिलव्याचे पिवळसर. पायांचा रंग कळला तर नाव कळलं. दाजींनी साठला नेलं आणि चित्र थरथरायला लागलं. त्यांचा ट्रायपॉड मोबाइल लावायला घेतलेला, काडीसारखा. पाण्यावरून वारा आला की पाखरू, चिखल, क्षितिज सगळंच नाचायचं. माझा ट्रायपॉड जुना, जड, घरच्यांनी दोनदा भंगारात काढू पाहिलेला. त्यावरच्या ६५ मध्ये चाळीसला पाय स्वच्छ पिवळसर दिसले. दाजी म्हणाले, हा अन्याय आहे. म्हणून अदलाबदल केली. माझ्या ट्रायपॉडवर ८० पन्नासपर्यंत झकास, त्यांच्या ट्रायपॉडवर माझा ६५ तिशीतच गटांगळ्या खाऊ लागला. सकाळभरात एवढा मोठा फरक दुसऱ्या कशानेच पडला नाही.

साठला मात्र माझ्या ट्रायपॉडवरही दाजींचं मन रमेना. चष्मा असल्याने आयपीसचा रबरी कप खाली वळवावा लागतो, आणि त्या पटीला दृश्य इतकं चिंचोळं होतं की पळता टिलवा हरवला की पुन्हा सापडत नाही. पक्षी आधी कमी पटीवर पकडायचा आणि मग वाढवायचं. दुकानात स्कोप बघायला जाल तेव्हा चष्मा लावूनच बघा.

साडेनऊला उन्हाने खेळ बदलला. पाणी नि चिखल तापले, हवा लहरू लागली आणि लांबचे रोहित वितळल्यासारखे दिसायला लागले. लहान रोहिताची चोच गडद लाल, मोठ्याची गुलाबी नि टोकाला काळी; तेवढंही ठरवता येईना. भिंग कितीही मोठं असो, मधली हवाच हलत असेल तर पट वाढवून ती थरथरच मोठी दिसते. साडेदहाला दोन्ही स्कोप पंचविशीवर आणून ठेवले आणि तिथे कोणता कोणाचा हे ओळखू येत नव्हतं.

होडीत स्कोप नेऊ नका. आम्ही हौसेने नेला, डगमगत्या होडीत तो निव्वळ लोढणं. तिथे साधी ८ बाय ४२ ची द्विनेत्री उत्तम. १० बाय ४२ सुद्धा हाताच्या कंपाने नकोशी होते. नावाड्याला इंजिन लांबच बंद करायला सांगा. फोटोसाठी थवा उडवून देतो म्हणणारा कोणी भेटलाच तर नाही म्हणा.

दुपारी बाजरीची भाकरी आणि तळलेली चिलापी. त्यानंतर दाजी बाजेवर झोपले, मी ट्रायपॉडला पाण्याची बाटली लटकवून त्याला स्थिर करायचे प्रयोग केले. दोन लिटर पुरतात, पण बाटली झुलायला नको, पायाला टेकलेली हवी.

संध्याकाळी पट्टकदंब हंस चरायला शेतांकडे निघाले. सूर्य बुडाल्यावर पंधरा मिनिटं दाजींचा ८० त्यांच्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे दाखवत राहिला, माझ्यात नुसत्या आकृत्या उरल्या होत्या. ही पंधरा मिनिटं आणि पहाटेची वीस, यासाठी पावणेदोनपट पैसे. गाडी काठाला लावून तिथेच बसणाऱ्याने, घुबडांमागे लागणाऱ्याने ते जरूर द्यावेत. मी गडावर, माळावर पाठीवर घेऊन फिरतो; मी ६५ च घेईन आणि उरलेल्यातून फ्लुइड हेडचा (स्कोप झटका न देता वळवणाऱ्या डोक्याचा) दणकट ट्रायपॉड.

जाताना एक फुंकणी आणि मऊ ब्रश जवळ ठेवा. इथली धूळ बारीक असते. आधी फुंकून उडवायची, मगच भिंगाच्या कापडाने पुसायचं. दाजींनी उपरण्याने पुसला. परत येताना पाटस टोलनाक्याच्या उजेडात ते भिंगावरचा ओरखडा शोधत होते, आणि मी गाडी चालवतोय म्हणून बघायला नाही म्हणालो.