कडं आणि त्यामागची घाई

फोटोतला ग्रहीय तेजोमेघ, म्हणजे मरत्या ताऱ्याने सोडलेल्या वायूचं कडं, नरकासुराच्या मुखवट्यासारखा रंगीबेरंगी. दुर्बिणीला डोळा लावला की मात्र पुष्कळांचा चेहरा उतरतो. राखाडी, पुसटसं एक कडं, बस्स. मंद उजेडात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाहीत, त्यात ताऱ्याचा काय दोष?

तरी ते कडं बघावंच. गोव्यात त्याला दसऱ्यानंतरचे दिवस बरे. पाऊस सरलेला असतो आणि रात्री साडेसातला अभिजित तारा वायव्येला चांगला वर असतो. त्याच्या शेजारी चार ताऱ्यांचा छोटा चौकोन आहे. त्यातले अभिजितपासून लांबचे दोन धरायचे. त्यांच्या साधारण मधोमध एम ५७, म्हणजे आपलं कडं. कमी वर्धनाला तो जरा जाडसर तारा वाटतो, म्हणून नवखा माणूस त्याच्यावरून सरळ पुढे निघून जातो. १०० पट वर्धन लावा, नजर थोडी बाजूला ठेवा, की मधलं भोक उघडतं. डोळे अंधाराला सरावायला २०-३० मिनिटं लागतात. तेवढ्यात कुणी मोबाईल पेटवला की पुन्हा पहिल्यापासून.

पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर हे सगळं करायचा हट्ट नको. मांडवीतल्या कॅसिनोंचा झगमगाट आणि समुद्रावरचा खारट दमटपणा, दोन्ही मिळून आकाश दुधाळ करतात. त्यापेक्षा सत्तरी तालुक्याच्या आतल्या भागात जावं. एसी गाडीतून काढलेली दुर्बीण मात्र लगेच उघडू नये, भिंगावर झटकन पाणी धरतं. ते रुमालाने पुसायचं नाही. झाकण लावूनच दुर्बीण बाहेर ठेवायची, नळी बाहेरच्या हवेइतकी गरम झाली की उघडायची. आणि पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल नसेल, तर चतुर्थीपर्यंत भिंगांवर बुरशीची जाळी हमखास.

काही तेजोमेघ इतके बारीक की ताऱ्यांत ओळखूच येत नाहीत. तेव्हा ऑक्सिजन-३ फिल्टर डोळा आणि आयपीसच्या (डोळ्याकडच्या भिंगाच्या) मध्ये धरून आत-बाहेर करायचा. फिल्टर आला की आजूबाजूचे तारे विझल्यासारखे होतात, तेजोमेघ तसाच राहतो. याचं मूळ १८६४ मध्ये आहे. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ विल्यम हगिन्सने असाच एक तेजोमेघ वर्णपटदर्शकातून पाहिला, तर इंद्रधनुष्याऐवजी मोजक्या हिरव्या रेषा! कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याशी त्या जुळेनात, म्हणून एक नवं मूलद्रव्यच कल्पून झालं. १९२७ मध्ये अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आयरा बोवेनने उलगडा केला: तो दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन. त्याची मुख्य रेषा ५००.७ नॅनोमीटरला, आणि फिल्टर मुख्यतः तेवढाच उजेड आत सोडतो. वायू अतिविरळ असेल तरच ती उमटते, कारण दाट वायूत प्रकाश सोडण्याआधीच अणूंची टक्कर होऊन जाते.

आता हा वायू आला कुठून? सूर्यासारख्या ताऱ्याच्या गाभ्यातला हायड्रोजन साधारण १,००० कोटी वर्षांत संपतो. मग तारा फुगतो, गाभ्यात हेलियम पेटून कार्बन आणि ऑक्सिजन होतो, आणि पुन्हा एकदा फुगतो. बाहेरच्या थंड थरांत धूळ धरते, प्रकाशाचा दाब धुळीला ढकलतो, धूळ वायूला सोबत ओढते. निम्म्याच्या आसपास वस्तुमान असं निघून जातं. मागे उघडा पडलेला गाभा तापत जाऊन ३०,००० अंशांच्या पुढे गेला, की त्याच्या अतिनील किरणांनी तो वायू उजळतो. सेकंदाला २०-३० किलोमीटर वेगाने पसरत १०-२० हजार वर्षांत दिसेनासाही होतो. ताऱ्याच्या आयुष्यात हा काळ जवळजवळ नगण्यच, म्हणून आकाशगंगेत असे तेजोमेघ आजवर जेमतेम काही हजारच सापडलेत.

इथेच खरी घाई आहे. वायू पांगण्याआधी गाभा तापला पाहिजे. हलक्या ताऱ्यांना ते जमत नाही. त्यांचा गाभा सावकाश तापतो, तोवर वायू कधीच दूर गेलेला असतो. आपल्या सूर्याचंही असंच होईल, असं बरीच वर्षं मानत. २०१८ च्या नव्या गणिताप्रमाणे मात्र तो काठावर पास होतो: सुमारे ७००-८०० कोटी वर्षांनी कडं होईल, पण फिकं.