भरलेला पाय

आजी पहिल्यांदा माझ्या अमळनेरच्या क्लिनिकमध्ये आल्या त्या भिंत धरून. वय ७३. हिवाळ्यात न्हाणीत घसरल्या आणि मनगटाचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण आजी ओट्यावर यायच्याही बंद झाल्या. "ताई, माले भ्याव लागस," एवढंच म्हणाल्या. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, आता जपून बसा, फिरू नका. या सल्ल्याचा मला मनापासून राग येतो. बसून बसून मांड्या वाळतात, तोल आणखी जातो आणि माणूस पुन्हा पडतं.

आमच्याकडे एक साधी चाचणी असते. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. आजींना २३ लागले.

मांड्यांच्या ताकदीचे व्यायाम लगेच सुरू केले. जोडीला संध्याकाळच्या 'ताई ची' या व्यायामप्रकाराच्या वर्गात बोलावलं. ही मूळची चिनी युद्धकला. हेनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या गावातून ती पुढे पसरली. आम्ही करतो त्या मात्र अगदी मोजक्या, संथ हालचाली. गुडघे किंचित वाकवून सगळा भार एका पायावर न्यायचा, दुसरा मोकळा करायचा. चिनी उस्ताद पहिल्याला भरलेला आणि दुसऱ्याला रिकामा पाय म्हणतात. रिकामा पाय मांजरीसारखा पुढे टेकवायचा, जमिनीचा अंदाज घ्यायचा आणि मगच त्यावर भार द्यायचा. पडणाऱ्या बऱ्याच माणसांचं नेमकं इथेच चुकतं. पाय नीट टेकायच्या आतच अंग पुढे गेलेलं असतं.

मुलाला हे पटत नव्हतं. "नुसते हात फिरवून काय होणार?" त्याला मी २०१२ सालचा अमेरिकेतल्या ओरेगॉनमधला अभ्यास सांगितला. पार्किन्सन्सचे, म्हणजे कंपवाताचे १९५ रुग्ण, २४ आठवडे. नुसते अंग ताणायचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ताई ची करणारे कमी वेळा पडले. तो गप्प बसला, पण आईला आणून सोडायला लागला.

आजींना मात्र अभ्यास लागला नाही. दोन्ही हात छातीसमोर गोल फिरवत कंबर वळवायची हालचाल पाहिली आणि त्या म्हणाल्या, "हाई तं जातं शे!" म्हणजे हे तर दळायचं जातं. मांजरपावलंही त्यांना ओळखीची निघाली. रात्री पिकाला पाणी देताना चिखलात असंच आधी पाऊल चाचपायचं असतं, हे त्यांनीच बाकीच्यांना समजावलं. माझ्यापेक्षा चांगलं समजावलं.

जुलैतली ती संध्याकाळ. बाहेर पाऊस, हॉलमध्ये सातजण, प्रत्येकाच्या मागे खुर्ची. सगळे एका पायावर भार घेऊन दुसरी टाच पुढे टेकवत होते आणि लाईट गेली. मिट्ट काळोख. माझ्या पोटात गोळा आला. तोल सांभाळायला डोळे, आतला कान आणि पायांची जाणीव असे तीन आधार असतात. म्हातारपणी माणूस सगळ्यात जास्त भरवसा डोळ्यांवर टाकतो आणि नेमके तेच गेले होते. मोबाईल टेबलावर होता आणि टेबल कुठे ते मला सुचेना. "खुर्ची धरा, सावकाश बसा," मी ओरडले. खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. मी मोजले, सहा.

"आजी?"

"मी उभी शे," अंधारातून अगदी शांत आवाज आला. "मना डावा पाय भरेल शे."

मी चाचपडत त्यांच्यापर्यंत गेले. दंडाला हात लावला. दंड सैल होता, घट्ट आवळलेला नव्हता. घाबरलेल्या माणसाचं अंग लाकडासारखं होतं, ते मी रोज हाताखाली अनुभवते. हे तसं नव्हतं. खुर्ची त्यांच्या मागेच होती, पण तिला त्यांनी हात लावला नव्हता.

ऑक्टोबरात त्यांची तीच चाचणी १४ सेकंदांत झाली. अजून १२ च्या आत यायचंय, त्यामुळे व्यायाम थांबवलेले नाहीत. पण त्या संध्याकाळी मी आकडा पाहिलाच नव्हता. दोनेक मिनिटांनी लाईट आली तेव्हा आजी माझा हात हलकेच बाजूला करत होत्या.

"ताई, आते दुसरा पाय भरू का?"