दोन टनाची प्लेट

डीएक्सएफ असो की डीडब्ल्यूजी, ड्रॉइंगची फाईल उघडली की मी आधी सगळे लेयर, म्हणजे ड्रॉइंगचे एकावर एक ठेवलेले थर, चालू करते. ड्रॉइंग काढणाऱ्याला वाटतं, लेयर ऑफ केला म्हणजे रेषा गेली. ती कुठेही जात नाही. फाईलमध्ये असतेच, आणि लेझरच्या सॉफ्टवेअरला पुष्कळदा ऑन-ऑफ कळत नाही, ते सापडेल ती रेषा जाळत सुटतं. मापाचे बाण, सेंटर लाइन, कोपऱ्यातला टायटल ब्लॉक, सगळं पत्र्यावर उमटलेलं मी पाहिलं आहे.

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं जॉब शॉप आहे. ॲक्रिलिक-एमडीएफ कापायला एक सीओटू लेझर मशीन, धातूवर मार्किंगला एक फायबर लेझर. हजेरीपटावर मी ‘डिझायनर’ आहे. प्रत्यक्षात डिप्लोमा मेकॅनिकल करून लोकांच्या फायलींची धुणीभांडी करते. ‘डबल लाइन’ हा त्यातला रोजचा वैताग. एकावर एक दोन रेषा असतात, स्क्रीनवर एकच दिसते. कटिंगला लेझर त्याच वाटेने दोनदा जातो, एमडीएफ काळं पडतं, ॲक्रिलिकची कड वितळते. मार्किंगला त्याहून मजा. अक्षराची बाह्यरेषा दोनदा असली की हॅच, म्हणजे आतली भरण, भरताना सॉफ्टवेअर गोंधळतं आणि अक्षर पोकळच राहतं. मराठी नावाची पाटी असेल तर फॉन्ट कर्व्ह केल्यावर, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या रेषा केल्यावर, प्रत्येक अक्षराची शिरोरेघ शेजारच्या अक्षरात घुसलेली असते. ती वेल्ड केली नाही, म्हणजे जोडून एक आकार केला नाही, तर कापताना अक्षरं सुटी होऊन खाली पडतात. युनिटचं तर विचारूच नका. डीएक्सएफ १९८२ साली ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरबरोबर आलं, आजही निम्म्या फायलींत शंभर हा आकडा असतो, पण शंभर काय, मिलीमीटर की इंच, ते नसतं. पंचवीस पूर्णांक चार दशांश पट चुकलेला जॉब कापून झाल्यावर गिऱ्हाईक म्हणतं, ‘पण ड्रॉइंगमध्ये तर बरोबर होतं.’ खरं सांगायचं तर आर्किटेक्चरची पोरं परवडली. रात्रभर जागून आलेली असतात, डोळे लाल, पण कटिंग लाल रेषेत आणि एनग्रेव्हिंग काळ्यात एवढं पाळतात. वीस वर्षं कारखाना चालवणारे व्हॉट्सॲपवर फोटो टाकतात आणि खाली लिहितात, ‘कॅड पाठवलं आहे’.

तर तो बुधवार होता. गुरुवारी आमच्याकडे सुट्टी, त्यामुळे बुधवारी सगळ्यांना सगळं आजच हवं असतं. दुपारी एक फाईल आली. जुनी मशिनरी घेऊन-विकणारे एक गिऱ्हाईक आहेत, अधूनमधून कंट्रोल पॅनेलच्या प्लेट करून नेतात, पैसे वेळेवर देतात. या वेळी इलेक्ट्रिक चेन होइस्टची, म्हणजे साखळीने वजन उचलणाऱ्या यंत्राची, रेटिंग प्लेट होती. काळं ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियम, १०० बाय ७०, चार कोपऱ्यांत पॉप रिव्हेटसाठी ३.२ ची भोकं. मजकूर सरळ होता: क्षमता २ टन, लिफ्टिंग स्पीड ८ मीटर प्रति मिनिट, मोटर १.५ किलोवॅट, सीरियल नंबर, साल.

लेयर चालू केले आणि क्षमतेच्या ओळीत दोनच्या आकड्यातून एकची उभी दांडी वर आली.

‘जुनं’ नावाचा लेयर बंद करून ठेवलेला होता. ड्राफ्ट्समनने मूळ प्लेटचा फोटो खाली घेऊन त्यावरून अक्षरं गिरवली होती. फोटो फाईलबरोबर आला नव्हता, नुसती रिकामी चौकट होती. पण गिरवलेलं सगळं शाबूत होतं. जुन्या प्लेटवर १ टन, चेनचे फॉल (पदर) १, स्पीड ८, मोटर १.५, सीरियल नंबर तोच. नव्या प्लेटवर १ चा २ झाला होता, फॉलची ओळ गायब होती, बाकी अक्षरन् अक्षर तेच.

आता एक टनाचा होइस्ट दोन टनाचा होऊच शकत नाही असं नाही. चेन एका पदरी असेल तर हुकाला पुली लावून दोन पदरी करतात. भार दोन पदरांत वाटला जातो, तीच मोटर दुप्पट वजन उचलते. पण मग वेग निम्मा होतो. फुकट काही मिळत नाही, हे पॉलिटेक्निकला पहिल्या वर्षीच शिकवतात. मी चलनाच्या पाठीमागे गणित केलं. २००० किलो गुणिले ९.८१, गुणिले ८, भागिले ६०. उत्तर २६१६ वॅट. दीड किलोवॅटची मोटर हे देणार नाही. वेग ४ धरला तर १३०८, म्हणजे मोटर पुरते. ती प्लेट जशी होती तशी खोटीच होती. प्रश्न एवढाच, की ती निष्काळजीपणाने खोटी होती की ठरवून.

मी फोन लावला.

“साहेब, फाईलमध्ये जुनी प्लेट पण दिसतेय. त्यावर एक टन आहे.”

“हां, ते जुनं आहे मॅडम. आपण चेन डबल केलीय त्याला.”

ठेवणीतलं असल्यासारखं, लगेच. कदाचित खरं होतं म्हणूनही लगेच.

“मग स्पीड निम्मा व्हायला पाहिजे. इथे आठच आहे.”

पलीकडे जरा शांतता, मग हसले. “हो का? मग करा की निम्मा. तुम्हाला कळतंय ना त्यातलं, तुम्हीच बरोबर करून टाका.”

मी इथेच अडकले, आणि अजून तिथेच आहे. आकडा बदलणं माझ्यासाठी दहा सेकंदांचं काम. चेन खरंच दोन पदरी केली असेल तर मी चुकलेली प्लेट दुरुस्त केली. केली नसेल, तर खोट्या प्लेटमधली एकुलती एक खूण मी पुसली. त्यानंतर कोणी जाणकाराने उभं राहून वाचली तरी त्याला काही खटकणार नाही. भार, वेग, मोटर, सगळं एकमेकांशी जुळणार.

मी हुकाचा फोटो मागितला. दोन पदरी असेल तर पुली दिसतेच, बघायला इंजिनिअर लागत नाही. ते म्हणाले, माल चाकणला पार्टीकडे गेलाय, उद्या बघू. टेस्ट सर्टिफिकेट मागितलं तर आवाज बदलला. “मॅडम, मी प्लेट करायला दिलीय. होइस्ट विकायला नाही काढला तुम्हाला.”

ऑपरेटर शेजारी उभा होता. “ताई, मारून टाकू का? पत्रा लावून ठेवलाय.” त्याला दोष नाही, त्याच्या मशीनसमोर बुधवारची रांग होती. शेठकडे गेले. शेठ वाईट माणूस नाहीत, दिवाळीला बोनस न मागता देतात. पण अशा वेळी त्यांचं एकच वाक्य असतं: आपण प्लेट बनवतो, मशीन नाही. मी त्यांना तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्यातलं २९ वं कलम सांगितलं. उचलण्याच्या यंत्रावर सुरक्षित भार ठळक लिहिलेला हवा, चाचणीची वेळ सोडली तर त्याच्यापुढे भार टाकायचा नाही, आणि वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी. शेठ म्हणाले, “बघ, तपासणी करणारा आहे ना? मग त्याचं काम तू कशाला करतेस?” उत्तर चूक नव्हतं. फक्त तपासणीला येणाऱ्यांतले किती जण प्लेट वाचून सही करतात, हे भोसरीत काम करणाऱ्या माणसाला विचारू नये.

शेवटी शेठनी मधला मार्ग काढला. गिऱ्हाइकाने लेटरहेडवर लिहून द्यावं, मग मारू. लेटरहेड आलं नाही. संध्याकाळी एक ओळीचा मेसेज आला, ‘फाईल होल्ड करा’. ऑपरेटरने पत्रा काढून ठेवला आणि ॲक्रिलिकच्या ट्रॉफ्या लावल्या.

गृहस्थ काही दिवसांनी पुन्हा आले, पॅनेलच्या प्लेटचं काम घेऊन. मोकळेपणाने बोलले, चहाही घेतला. मीच विषय काढला.

“ते होइस्टचं काय झालं?”

“झालं की. पलीकडच्या गल्लीत करून घेतली प्लेट.”

“स्पीड किती टाकला?”

“तुम्ही सांगितला तोच, मॅडम. चार.”

चेन डबल केली होती का, हे मी पुन्हा विचारलं. ते म्हणाले, “तेव्हाच सांगितलं ना तुम्हाला,” आणि खिशातून पेन ड्राइव्ह काढून माझ्यापुढे ठेवला. शेठ तोवर ॲडव्हान्सची पावती फाडत होते.