मॉड्युलर की फुल-फेस? आधी हनुवटीचं बघा

हेल्मेट घ्यायला गेलं की माणूस कलर बघतो, ग्राफिक्स बघतो, मर्क्युरी वायझर, म्हणजे आरशासारखी चकचकीत पुढची काच, मिळेल का विचारतो, आणि हनुवटीसमोर तो जो आडवा भाग असतो ना, चिन बार, त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. माझ्या मते हेल्मेटमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच आहे, आणि मॉड्युलर घ्यायचं की फुल-फेस या प्रश्नाचं उत्तरसुद्धा तिथेच सापडतं.

जर्मनीत हॅनोव्हरला डिएटमार ओटे नावाच्या संशोधकाने अपघातात सापडलेल्या हेल्मेटवर मार नेमका कुठे कुठे लागलाय याच्या नोंदी केल्या होत्या. तो नकाशा रायडर लोकांत खूप फिरतो. त्यात साधारण एक तृतीयांश मार हनुवटी आणि जबड्याच्या पट्ट्यात आहे. म्हणजे आपल्याकडे सर्रास वापरतात त्या हाफ हेल्मेटला किंवा ओपन-फेसला जिथे काहीच नसतं, नुसता चेहरा असतो, तिथे. हे एकदा कळलं की ओपन-फेसचा विषय माझ्यासाठी तरी संपतो, राहतात दोन.

फुल-फेस म्हणजे शेल, म्हणजे बाहेरचं कवच, आणि चिन बार सगळं एकसंध, कुठे जोड नाही. मॉड्युलर, ज्याला आपल्याकडे दुकानात फ्लिप-अप म्हणतात, त्यात चिन बार दोन्ही बाजूंना बिजागरीवर असतो, हनुवटीखालचं बटण दाबून वर उचलायचा. ही आयडिया नवीन नाही, बीएमडब्ल्यूने १९८१ मध्येच सिस्टिम हेल्मेट म्हणून आणली होती. आता आपल्याकडे स्टड्स, वेगा, एसएमके, एलएस२ सगळ्यांची फ्लिप-अप मिळतात, अगदी परवडणाऱ्या किमतीपासून, आणि शोएईचं निओटेक घ्यायचं म्हटलं तर पन्नास हजारांच्या वर जावं लागतं.

हे सगळं आता लिहायचं कारण म्हणजे आमचा दादा. त्याने हिमालयन ४५० ही बाइक घेतली आणि तेव्हापासून रोज एक हेल्मेटचा फोटो पाठवतोय, "अगं हे बघ, हे कसंय, फ्लिप-अप आहे, चष्मा काढायला लागत नाही." चष्म्याचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. चष्मेवाल्यांना फुल-फेसमध्ये आधी चष्मा काढा, हेल्मेट घाला, मग काड्या चीक पॅड, म्हणजे गालाजवळची गादी, आणि कानाच्या मधून अंदाजाने सरकवा, हे दर वेळी करायचा कंटाळा येतो. मॉड्युलर उघडं ठेवून डोक्यात घालायचं, चष्मा डोळ्यावर तसाच राहतो, मग खाली ओढून बंद. कानात झुमके असले तरी तेच. चहाला थांबलात, कुणाला रस्ता विचारायचाय, पेट्रोल पंपावर "पाचशेचं टाक" एवढंच सांगायचंय, चेहरा दिसतो, आवाज नीट जातो, समोरचा पण नीट बोलतो. फुल-फेसमधून बोललेलं समोरच्याला निम्मं कळतच नाही.

पण सगळा खेळ लॅचवर आहे, म्हणजे चिन बार बंद झाला की अडकवून धरणाऱ्या खटक्यावर. दुकानात मॉड्युलर हातात घ्याल तेव्हा हे नक्की करा. चिन बार वर करा आणि दोन्ही बाजूंच्या हुकाकडे बघा, ते मेटलचे आहेत की प्लॅस्टिकचे. शेलवर जी पिन असते ती पण बघा. मग हळू बंद करा आणि कान द्या. चांगल्या हेल्मेटमध्ये दोन्ही बाजू एकदम बसतात, खट्ट असा एकच आवाज येतो. स्वस्तातल्या काहींमध्ये आधी डावी बाजू बसते, उजवी तशीच राहते, आणि बाहेरून बघितलं तर बंदच वाटतं. मग चिन बार मुठीत धरून पुढे ओढा, बाजूला पिळा, बटण न दाबता. जरा जरी सुटला तर ते हेल्मेट परत शेल्फवर ठेवा, दुकानदार कितीही म्हणू दे, "ताई, हे नवीन आहे ना म्हणून, वापरून वापरून बसतं ते." वापरून लॅच सैल होतो, घट्ट होत नाही. आणि नंतरही, पावसाळ्यात चिखलाचे शिंतोडे, बारीक रेती त्या हुकात जाऊन बसते, जुन्या टूथब्रशने ती जागा साफ करत राहायची.

ब्रिटनमध्ये सरकारची शार्प नावाची रेटिंग स्कीम आहे, २००७ पासून, एक ते पाच स्टार देतात. मला त्यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे मॉड्युलरसाठी ते वेगळं सांगतात की टेस्टमधल्या किती टक्के धडकांमध्ये चिन बार लॉकच राहिला. नुसते स्टार बघून हेल्मेट घेणाऱ्यांनी तो आकडा जरूर बघावा, कारण आदळताना चिन बार उघडला तर हनुवटी उघडीच पडली की.

सर्टिफिकेशनचं थोडं. आपल्याकडे १ जून २०२१ पासून आयएसआय मार्क नसलेलं हेल्मेट विकणं बेकायदा आहे, तो हवाच, आणि रस्त्याच्या कडेला चादर टाकून विकतात त्यावरचा स्टिकर म्हणजे आयएसआय नाही. त्याच्या जोडीला युरोपचं ईसीई हे स्टँडर्ड असेल तर उत्तम, त्यातही त्याची नवी आवृत्ती २२.०६, कारण त्यात तिरक्या धडकेने डोकं गरकन फिरतं त्याची पण टेस्ट आहे, जुन्या २२.०५ मध्ये तशी नव्हती. मॉड्युलर घेताना लेबलवर पी आणि जे ही अक्षरं शोधा. पी म्हणजे चिन बार बंद असताना हनुवटीला संरक्षण देतो हे टेस्ट झालंय. जे म्हणजे ओपन-फेस म्हणून पास. दोन्ही असेल तर कागदोपत्री उघडं ठेवून चालवायला परवानगी आहे. नुसतं पी असेल तर चालवताना बंदच पाहिजे, उघडायचं ते थांबल्यावर. आणि अमेरिकन डॉट स्टिकरवर फार जाऊ नका, त्या स्टँडर्डमध्ये चिन बारची टेस्टच नाही.

आता वजन आणि आवाज. मॉड्युलरमध्ये बिजागरी, लॅच, बहुतेकदा आतली काळी काच पण असते, त्यामुळे त्याच रेंजमधल्या फुल-फेसपेक्षा शे-दोनशे ग्रॅम जास्त भरतं. हातात घेतल्यावर काहीच वाटत नाही. कोल्हापूरहून रत्नागिरीला आंबा घाटातून जाऊन संध्याकाळी परत आलात की मानेला कळतं. जोडांमधून वारा शिरतो म्हणून हायवेला आवाज पण जास्त असतो, ऐंशीच्या पुढे तर चांगलाच. मी दोन्हीत इअरप्लग घालते, पण मॉड्युलरमध्ये ते घालावेच लागतात.

पावसात मात्र दोन्हीची आपापली दुखणी. जुलैत साखरप्याहून आंबा घाट चढायला लागलं की समोर दहा फुटांवर ट्रकचा मागचा दिवा तेवढा दिसतो, आणि त्यात वायझर आतून धुरकटतो. मॉड्युलरवाले अशा वेळी चिन बार बोटभर उघडा ठेवतात, हवा खेळते, वायझर साफ होतो, वाटतं किती सोयीचं आहे. पण तेव्हा तो लॉक नसतो. घाटात, ओल्या रस्त्यावर, धुक्यात, जिथे पडायची शक्यता सगळ्यात जास्त, तिथे नेमकं तुम्ही हनुवटीचं कुलूप काढून ठेवलेलं असतं. त्यापेक्षा वायझर धुरकटू नये म्हणून पिनलॉक बसवा, वायझरच्या आत बसते ती दुसरी पातळ काच, दोन्ही प्रकारच्या हेल्मेटला मिळते, बसवायच्या खुंट्या वायझरवर आहेत का तेवढं घेतानाच बघा. पिनलॉक असलेलं साधं फुल-फेस हे पिनलॉक नसलेल्या भारी मॉड्युलरपेक्षा आपल्या पावसाला कधीही चांगलं.

फिटिंगबद्दल बोलायचं तर वेगळी पोस्ट होईल, तरी एक राहवत नाही म्हणून. आपल्या मुली-बायका तोंडाला स्कार्फ बांधून मागे गाठ मारतात आणि त्यावर हेल्मेट. त्या गाठीमुळे हेल्मेट मागून उचललं जातं, कपाळावर पुढे सरकतं आणि मोठा साइज घ्यावा लागतो तो वेगळाच. मॉड्युलर असेल तर स्कार्फचा घोळ चिन बारच्या आत अडकतो आणि तो नीट बंदच होत नाही. धुळीसाठी पातळ बालाक्लावा मिळतो, डोकं-तोंड झाकणारी कापडी टोपी, तो घ्या. केस लांब असतील तर अंबाडा नको, मानेवर खाली सैल वेणी. पट्टा लावल्यावर हेल्मेट मागून पकडून पुढे उलटवायचा प्रयत्न करा, निघून आलं तर तो साइज तुमचा नाही. आणि पट्टा लावा हो, पोलीस दिसल्यावर डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट पडल्यावर पहिलं उडून जातं.

मग दादाला काय सांगितलं? फुल-फेस घे. चष्मा असूनही. कारण मी त्याला गेली कित्येक वर्षं बघतेय, त्याच्या जुन्या फ्लिप-अपचा चिन बार दसरा चौकापासून वर असतो तो थेट हायवेला लागला तरी वरच. वर उचललेला चिन बार म्हणजे डोक्यावर शिडासारखा वारा पकडतो, मान मागे ओढली जाते आणि हनुवटी उघडी ती उघडीच. ज्याला उघडं ठेवायची सवय आहे त्याने मॉड्युलर घेऊ नये, मग ते कितीही महाग असो आणि त्यावर पी आणि जे दोन्ही असो. बंद आणि लॉक असलेलं चांगलं मॉड्युलर मी बिनधास्त घालीन, फुल-फेसच्या जवळपास विश्वास ठेवीन त्याच्यावर. पण तो बंद ठेवणारा हात आपला आहे का, हे ज्याचं त्याने प्रामाणिकपणे बघावं. चष्म्यासाठी आता बऱ्याच फुल-फेसच्या चीक पॅडमध्ये काडीला खाच देतात, दुकानात स्वतःचा चष्मा घालून बघायचा, कानामागे दुखलं तर दुसरा मॉडेल. बारीक सरळ काडीची फ्रेम असेल तर काम अजून सोपं.

वहिनीला मात्र मी मॉड्युलर सुचवलंय. तिला घाट लागतो. करूळ घाटात पोटात ढवळायला लागलं की बंद फुल-फेसमध्ये जीव गुदमरतो, पट्टा सोडून हेल्मेट ओढून काढेपर्यंत वेळ नसतो, गाडी बाजूला घेतली की बटण दाबून पुढचा भाग वर, मोकळी हवा. आणि ती शिस्तीची आहे, गाडी हलायच्या आधी बंद करून दोन्ही बाजू दाबून बघते. दादाच्या डोक्यात होतं की आपल्याला भारी हेल्मेट आणि मागे बसणाऱ्याला घरातलं ते जुनं हाफ, "ती काय चालवते का." मी चांगलीच भांडले. गाडी घसरली तर रस्ता काही पुढे कोण बसलंय मागे कोण बसलंय विचारत नाही, आणि हनुवटी तिलाही आहे. बजेट आहे तेवढ्यात दोन हेल्मेट बसवायची, त्याच्यासाठी कमी ग्राफिक्सचं साधं काळं फुल-फेस बघितलं तरी चालेल. रविवारी दोघांना घेऊन दुकानात जातेय, दादाचा चष्मा आणि वहिनीची वेणी, दोन्ही सकट ट्राय करून घेऊ.