आधी तर सारं खात होतीस ना!

"आधी तर सारं खात होतीस, लेकरू झाल्यावर काय झालं वं तुले?" लग्नाच्या पंगतीत, हळदीकुंकवाला, अगदी एसटीची वाट पाहताना पण हे विचारणारं कुणीतरी भेटतंच. दरवेळी "काही नाही, पचत नाही" म्हणून सुटका करून घेते, पण खरं उत्तर जरा लांब आहे, आता विचारलंतच तर ऐका.

सातव्या महिन्यात पहिल्यांदा ठेच्यानं दगा दिला. ज्वारीची भाकर, ठेचा, कच्चा कांदा यावर वाढलेली मी, आणि दोन घास खाल्ले की छातीत जाळ. उशीला उशी लावून बसल्या बसल्या झोपायची. सासूबाई म्हणाल्या, पोराचे केस मोठे आहेत म्हणून जळजळतंय. नर्सताईनं सांगितलं की या दिवसांत हार्मोनमुळे जठराच्या तोंडाचा वॉल्व्ह ढिला पडतो, त्यात वाढलेलं पोट खालून दाबतं, मग आम्ल वर येतं. पोरगी झाली, आठवड्यात जळजळ गेली. (केस म्हणाल तर टक्कलच होतं.) सांगायचं हे की ती काही ॲलर्जी नव्हती, तात्पुरतं होतं.

नंतर जे झालं ते वेगळं.

बाळंतपणाला माहेरी होते. मायनं डिंकाचे लाडू केले, खारीक, खोबरं, गोडंबी, आणि त्या साली कापूस बरा झाला म्हणून मूठभर काजू पण. बाराव्या दिवशी सकाळी अर्धा लाडू खाल्ला आणि ओठाला मुंग्या आल्या. मला वाटलं तिखटाचा हात लागला असेल. पाच-दहा मिनिटांत मानेवर, पोटावर लाल गांधी, खाज अशी की नखं पुरत नव्हती. माय म्हणे पित्त उठलं, घोंगडी पांघर. पांघरली मी! मग आवाज घोगरा झाला, घशात काहीतरी अडकल्यासारखं, तेव्हा भाऊ घाबरला आणि १०८ ला फोन लावला. दवाखान्यात मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं, थोड्या वेळात श्वास मोकळा झाला, तरी काही तास घरी सोडलं नाही, कारण एकदा उतरलेलं परत उलटू शकतं म्हणे.

डॉक्टरांनी विचारलं, लाडवात काय काय होतं? गोडंबी म्हटल्यावर ते हसले. गोडंबी म्हणजे बिब्याच्या आतला गर, आणि बिबा, काजू, पिस्ता, चारोळी, आंबा हे सारे एकाच कुळातले. बिबा अंगावर उततो हे आपल्याकडं लहान पोरालाही माहीत आहे, पण काजू त्याचा भाऊबंद आहे हे मला तिशीत कळलं. काजू, पिस्ता, गोडंबी बंद झालं. आंबा मात्र आधीसारखाच चालतो, देवाची कृपा. बाळंतपणानंच झालं का, हे काही सांगता येत नाही, कारण अशी ॲलर्जी मोठेपणी केव्हाही उपटू शकते.

दुधाचं प्रकरण तिसरंच. "दूध पी म्हणजे दूध येईल" म्हणत दिवसातून तीन पेले पाजायचे आणि माझं पोट ढोलासारखं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला लागले, काय खाल्लं, किती वेळानं काय झालं. दोन आठवडे दूध बंद, पोट शांत, परत सुरू केलं की परत गुडगुड. दही-ताक चालतं, कारण विरजणात दुधातली साखर कमी होते. यानं जीव जात नाही, फक्त चारचौघांत लाज जाते. पण असं बंद करून परत खाऊन बघणं फक्त दुधापुरतं हां, ज्यानं ओठ सुजले ते घरी "एक तुकडा खाऊन बघू" करायचं नाही, ते डॉक्टरांसमोरच.

या साऱ्यात त्रासाचं काय होतं माहिती? खाज नाही, "नखरे" हा शब्द. एका लग्नात आचाऱ्याला विचारलं, दादा शिऱ्यात काजू आहे का, तर मागून एक काकू म्हणाल्या, "शहरातल्यासारखं करते बाप्पा." मी ताट घेऊन वरण-भातावर गेले.

माय आता दिवाळीला दोन पराती मांडते, माझी वेगळी. परात, सराटा आधी नीट धुतला का, हे मी दरवर्षी विचारते आणि ती दरवर्षी चिडते.