गवा आणि धुकं

आज दिवसभर गवा रंगवत बसलो. खानापूरच्या पुढे, जांबोटीच्या रानात पावसाळ्यात दिसतो तसा, अर्धा धुक्यात अन् अर्धा कारवीत. गवा काळा म्हणून नुसता काळा रंग फासला की चित्र मेलंच. गडद निळ्यात तांबूस तपकिरी मिसळली की जो काळपटपणा येतो, त्यात उजेड खेळतो. पाठीच्या उंचवट्यावर आभाळाचा निळसर प्रकाश, पोटाखाली लाल मातीची झाक. गुडघ्याखालचे पांढरे पायसुद्धा कोरे पांढरे ठेवायचे नाहीत, गवताची हिरवट छटा त्यांत उतरतेच.

मागची झाडं कागद ओला असतानाच लावली, कडा विरघळू दिल्या. धारदार कडा फक्त शिंगाला आणि ओल्या नाकाला. तेवढ्यावर डोळा बाकीचा गवा पुरा करतो. स्वीडनचे चित्रकार ब्रूनो लिलियेफॉर्स (१८६०–१९३९) प्राणी त्याच्या परिसरात मुरलेलाच दाखवायचे, ते मला फार पटतं. केस न् केस कोरलेला, पण भोवती हवाच नसलेला वाघ माझ्याच्यानं बघवत नाही.

कानाच्या आतला गुलाबीसर उजेड राहिलाय. उद्या सकाळी तो घेतो.